इन्सुलिन-प्रतिरोधाच्या अभ्यासासाठी प्राणी-मॉडेल: निवड, आहार, चाचण्या आणि नोंदी

रक्तात इन्सुलिन पुरेसे असूनही यकृत, स्नायू आणि चरबीच्या पेशी त्याला हवा तसा प्रतिसाद देत नाहीत, या अवस्थेला इन्सुलिन-प्रतिरोध म्हणतात. रक्तातली साखर वाढणे हा तिचा पुढे होऊ शकणारा परिणाम आहे. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून भरपाई करत असेल, तर साखर कित्येक आठवडे जागची हलतही नाही. हा भेद सर्वांना पाठ असतो. तरीही अनेक संशोधन-आराखड्यांत शीर्षक इन्सुलिन-प्रतिरोधाचे असते आणि आत मोजलेली असते ती फक्त उपाशीपोटीची साखर.

१९९८ साली केवळ स्नायूंमधला इन्सुलिन-ग्राहक (पेशीवरचे, इन्सुलिनचा संदेश घेणारे प्रथिन) काढून टाकलेले माईस, म्हणजे प्रयोगशाळेतील लहान उंदीर, तयार झाले, तेव्हा हा भेद फार ठळकपणे समोर आला. त्या प्राण्यांच्या स्नायूंवर इन्सुलिनचा परिणाम जवळजवळ थांबला होता, चरबी आणि ट्रायग्लिसराइड वाढले होते, पण ग्लुकोज पचवण्याची त्यांची क्षमता सामान्यच राहिली. त्यानंतर दोनच वर्षांनी यकृतातला ग्राहक काढलेले माईस आले. त्यांच्यात मात्र तीव्र इन्सुलिन-प्रतिरोध आणि बिघडलेली ग्लुकोज-सहनशीलता (म्हणजे ग्लुकोज पचवण्याची हीच क्षमता) असे दोन्ही दोष दिसले. म्हणून प्राणी मागवण्याआधी एका वाक्यात लिहून काढावे, की आपल्याला कोणत्या ऊतीतील, कोणत्या टप्प्यावरचा आणि कोणत्या कारणाने आलेला प्रतिरोध पाहायचा आहे. रॅटना, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरांना, चरबीयुक्त आहार दिल्यावर यकृतातील प्रतिरोध तीन दिवसांत दिसू लागतो आणि स्नायूंमधला सुमारे तीन आठवड्यांनी, हे १९९१ पासून ज्ञात आहे. ज्याचा प्रश्न यकृताचा आहे त्याने सोळा आठवडे थांबण्याचे कारण नाही, आणि ज्याचा प्रश्न स्नायूंचा आहे त्याने पहिल्या आठवड्यात निष्कर्ष काढू नये.

मॉडेल कसे निवडावे

सर्वाधिक वापरात असलेले मॉडेल म्हणजे चरबीयुक्त आहारावर वाढवलेले सी५७बीएल/६जे जातीचे नर माईस. १९८८ पासून हे मॉडेल वापरले जात आहे आणि माणसातला आहारजन्य लठ्ठपणा जसा हळूहळू येतो, तसाच तो या माईसमध्ये येत असल्यामुळे बहुतेक प्रश्नांसाठी सुरुवात इथूनच करणे शहाणपणाचे ठरते. मात्र नावातल्या शेवटच्या अक्षराकडे नीट पाहावे. ‘जे’ उपजातीत एनएनटी या जनुकाचा काही भाग गळालेला आहे आणि त्यामुळे तिच्यात इन्सुलिन स्रवण्याचीच क्षमता कमी असते. ‘एन’ उपजातीत हा दोष नाही. जनुक-बदल केलेले प्राणी ‘एन’ पार्श्वभूमीचे आणि त्यांचे नियंत्रण-प्राणी (तुलनेसाठीचे, बदल न केलेले) बाजारातून आणलेले ‘जे’, अशी सरमिसळ झाली, तर दिसणारा फरक आपल्या जनुकाचा की एनएनटीचा, हे नंतर कोणत्याही संख्याशास्त्राने सांगता येत नाही. शक्य असेल तिथे एकाच वेतातील भावंडे नियंत्रण म्हणून घ्यावीत.

जनुकीय दोषाने लठ्ठ होणारे प्राणी जलद आणि खात्रीने निकाल देतात. ओबी/ओबी माईस १९४९ मध्ये अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत आपोआप उद्भवले, आणि डीबी/डीबी माईसचे वर्णन तिथूनच १९६६ मध्ये झाले. पहिल्यात लेप्टिन हे भूक आवरणारे संप्रेरक तयार होत नाही आणि दुसऱ्यात लेप्टिनचा ग्राहक निकामी असतो, हे १९९४ मध्ये लेप्टिनचे जनुक सापडल्यानंतर कळले. झुकर रॅटची गोष्टही लेप्टिन-ग्राहकाचीच आहे. प्रतिरोध तीव्र असतो हा या सर्वांचा गुण, पण त्याचे मूळ लेप्टिनमध्ये असते हीच त्यांची मर्यादा: माणसांमध्ये असा जनुकीय दोष अत्यंत दुर्मीळ आहे, शिवाय या प्राण्यांत कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढलेले असते आणि प्रजननही बिघडलेले असते. यकृतातील मेद कमी करणाऱ्या एखाद्या औषधाची पहिली चाचपणी त्यांच्यात करता येईल. प्रतिरोध सुरू कसा होतो हा प्रश्न मात्र त्यांना विचारू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील विस्टार रॅटच्या वसाहतीतून निघालेल्या डब्ल्यूएनआयएन/ओबी आणि डब्ल्यूएनआयएन/जीआर-ओबी या लठ्ठ जाती आपल्याकडेच उपलब्ध झालेल्या आहेत. त्यांतल्या दुसऱ्या जातीत ग्लुकोज-सहनशीलताही बिघडलेली असते. भारतीय प्रयोगशाळांनी त्यांचा आणखी उपयोग करायला हवा, असे माझे मत आहे.

रॅटमध्ये फ्रुक्टोज हा दुसरा मार्ग आहे. आहारातील सुमारे ६० टक्के ऊर्जा फ्रुक्टोजमधून दिली किंवा पिण्याच्या पाण्यात १० टक्के फ्रुक्टोज मिसळले, तर ट्रायग्लिसराइड आणि इन्सुलिन वाढते, पण वजन फारसे वाढेलच असे नाही. लठ्ठपणापासून वेगळा काढलेला प्रतिरोध पाहायचा असेल, तेव्हा हे उपयोगी पडते. लठ्ठ नसलेला मधुमेही रॅट हवा असेल, तर जपानमध्ये १९७०च्या दशकात विस्टार रॅटपासून निवडीने तयार केलेला गोतो-काकिझाकी रॅट आहे, पण त्याचा मुख्य दोष इन्सुलिन स्रवण्याचा आहे हे ध्यानात ठेवावे. कुत्रे आणि माकडे यांच्यावरही महत्त्वाचे काम झाले आहे. नवशिक्या प्रयोगशाळेने त्या वाटेला जाऊ नये.

आपल्याकडच्या वाचकाने इथे आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा २००४ साली प्रसिद्ध झालेला एकत्र फोटो अनेकांनी पाहिला असेल: दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून मेदस्वी असा हा भारतीय शरीरप्रकार ४५ ग्रॅमच्या गरगरीत माऊसमध्ये शोधणे अवघड आहे. त्याच्या अधिक जवळ जाणारे मॉडेल २०१५ मध्ये पुण्यातील संशोधकांच्या सहभागाने प्रसिद्ध झाले. त्यात विस्टार रॅट ५० पिढ्या अपुऱ्या आहारावर वाढवले होते. त्यांच्यात पोटातील चरबी आणि इन्सुलिन-प्रतिरोध दिसला आणि दोन पिढ्या पुरेसा आहार देऊनही तो पूर्ववत झाला नाही. पन्नास पिढ्या कोणी नव्याने वाढवणार नाही, पण गर्भारपणात मातेचे प्रथिन कमी करून पिल्लांचा अभ्यास करण्याची पद्धत विद्यार्थ्याच्या आवाक्यातली आहे.

परवानगी

भारतात या कामाला प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० आणि त्याखालचे १९९८चे नियम लागू होतात. संस्थेचे प्राणिगृह प्राणी-प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सीसीएसईए या केंद्रीय समितीकडे नोंदलेले असावे लागते, प्राणी नोंदणीकृत प्रजननकेंद्रातून घ्यावे लागतात आणि फॉर्म बी भरून संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी काम सुरू करण्यापूर्वी घ्यावी लागते. फॉर्ममध्ये प्राण्यांची संख्या विचारतात, तिथे ‘प्रत्येक गटात सहा’ हा परंपरेचा आकडा लिहू नये. मागील कामातील प्रमाण-विचलन आणि अपेक्षित फरक घेऊन संख्या काढावी आणि ते गणित जोडावे. फार कमी प्राणी घेतल्याने निकालच न लागणे हीसुद्धा प्राण्यांची नासाडीच आहे.

आहार आणि राहणी

माईस सहा ते आठ आठवड्यांचे घ्यावेत, किमान एक आठवडा नव्या जागेत रुळू द्यावेत, मग वजनानुसार समतोल राखून यादृच्छिक पद्धतीने गट पाडावेत. साधारण ४५ किंवा ६० टक्के ऊर्जा चरबीतून देणारा शुद्ध घटकांचा आहार घेतात. ६० टक्क्यांचा आहार लवकर परिणाम देतो, पण माणसाच्या ताटाशी ४५ टक्क्यांचा जास्त जुळतो. खरी चूक होते ती नियंत्रण-गटात. चरबीच्या गटाला शुद्ध घटकांचा आहार आणि नियंत्रण-गटाला प्राणिगृहातला नेहमीचा चाऊ, म्हणजे धान्यांपासून बनवलेला खुराक, दिला, तर दोन्ही गटांत फक्त चरबीचा फरक राहत नाही; चाऊमधले तंतू, सोयाबीनमधले इस्ट्रोजेनसदृश घटक, सुक्रोजचे प्रमाण, सगळेच बदलते. त्याच कंपनीचा, त्याच घटकांचा, सुक्रोज जुळवलेला कमी चरबीचा आहार नियंत्रणाला द्यावा. महाग पडतो, पण इथे काटकसर करू नये. चरबीयुक्त आहार खवट होतो, म्हणून तो थंड आणि अंधाऱ्या जागी साठवावा, पिंजऱ्यातला दर दोन-तीन दिवसांनी बदलावा, आणि तो भुसभुशीत असल्यामुळे तळाशी सांडलेला भाग वजन करून वजा केल्याशिवाय खाल्लेल्या अन्नाचा आकडा लिहू नये.

प्रतिरोध स्पष्ट व्हायला आठ ते सोळा आठवडे द्यावेत. मादी माईस या आहाराला बऱ्याच प्रमाणात दाद देत नाहीत आणि त्यात इस्ट्रोजेनचा वाटा आहे. पण तेवढ्यावरून माद्यांना प्रयोगातून वगळणे समर्थनीय ठरत नाही. त्यांचा स्वतंत्र गट ठेवावा आणि नर-मादींचे आकडे एकत्र करू नयेत. जातिवंत वसाहतीतही काही नर लठ्ठ होत नाहीत. त्यांना वगळायचे की नाही, हा नियम आहार सुरू करण्यापूर्वी लिहून ठेवावा, कारण आकडे पाहिल्यावर केलेली वगळणी कोणालाही पटवता येत नाही.

प्राणिगृहाचे २२ अंश सेल्सिअस तापमान आपल्याला सुखावह वाटते, पण माऊसला ते थंड असते; त्याचे उदासीन तापमान (ज्यात शरीर ऊबदार ठेवायला जादा ऊर्जा लागत नाही) ३० अंशांच्या आसपास आहे. थंडीत त्याची बरीच ऊर्जा शरीर ऊबदार ठेवण्यात जाते आणि एका पिंजऱ्यात एकटा माऊस व चौघे माऊस यांची चयापचय-स्थिती वेगळी राहते. तापमान बदलणे शक्य नसेल, तर निदान सर्व गटांत पिंजऱ्यातील संख्या, बिछायत आणि फळीवरची जागा सारखी ठेवावी. एका पिंजऱ्यातील प्राणी एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे त्यांचे आतड्यातील जिवाणू सारखे होत जातात. संपूर्ण गट दोनच पिंजऱ्यांत ठेवल्यास पिंजऱ्याचा परिणाम औषधाचा परिणाम म्हणून छापला जाण्याचा धोका असतो.

स्ट्रेप्टोझोटोसिन घालावे का

आपल्या फार्मसी महाविद्यालयांत चरबीयुक्त आहार आणि त्यावर कमी मात्रेचे स्ट्रेप्टोझोटोसिन (स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा-पेशी मारणारे द्रव्य), ही जोडी रॅटमध्ये नित्याची झाली आहे. २००५ साली मोहालीच्या नायपर या औषधशास्त्र संस्थेतून आलेल्या कामात स्प्रेग-डॉली रॅटना दोन आठवडे चरबीयुक्त आहार देऊन नंतर ३५ मिलिग्रॅम प्रति किलो इतके स्ट्रेप्टोझोटोसिन पोटात टोचले होते. त्या कामाचा गाभा पुष्कळदा विसरला जातो: तीच मात्रा साध्या आहारावरच्या रॅटना दिल्यावर त्यांची साखर लक्षणीय वाढली नाही. म्हणजेच मधुमेह यायला आधीचा प्रतिरोध आवश्यक होता. मात्रा ५० किंवा ६० केली, की बीटा-पेशी इतक्या मरतात की उरतो तो जवळजवळ इन्सुलिन-अभावाचा मधुमेह, आणि त्याला इन्सुलिन-प्रतिरोधाचे मॉडेल म्हणणे चूक ठरते. म्हणून ही पद्धत वापरायची असेल, तर ‘साधा आहार अधिक स्ट्रेप्टोझोटोसिन’ हा चौथा गट ठेवावाच आणि रक्तातील इन्सुलिन मोजावेच. द्रव्य ४.५ सामू (पीएच) असलेल्या थंड सायट्रेट बफरमध्ये ऐनवेळी विरघळवून काही मिनिटांत टोचावे लागते. ते कर्करोगकारक आहे. हातमोजे, फ्यूम हूड आणि नंतरच्या बिछायतीची वेगळी विल्हेवाट यांत हयगय करू नये.

इन्सुलिन-सहनशीलता चाचणी

या चाचणीत इन्सुलिन टोचून साखर किती घसरते ते पाहतात. चाचणीपूर्वीचा उपवास हा पहिला निर्णय असतो. माऊस रात्री खातो, त्यामुळे रात्रभराचा उपवास त्याला जवळजवळ उपासमारीसारखा होतो: यकृतातील ग्लायकोजेन संपते, वजन लक्षणीय घटते आणि इन्सुलिनने होणारा ग्लुकोजचा वापर उलट वाढतो, त्यामुळे जो प्रतिरोध पाहायचा तोच झाकला जातो. सकाळी अन्न काढून चार ते सहा तासांचा उपवास पुरेसा आहे. पाणी काढू नये, आणि अन्न काढताना बिछायतही बदलावी, म्हणजे सांडलेले तुकडे उरत नाहीत.

मात्रा सडपातळ माईससाठी ०.५ ते ०.७५ युनिट प्रति किलो आणि फार लठ्ठ प्राण्यांसाठी १ ते १.५ युनिट असते. दोन्ही गटांना एकच मात्रा द्यावी आणि ती पथदर्शी चाचणीत ठरवावी. विरळ करताना बाटलीवरील शक्ती वाचावी, कारण भारतात नेहमीच्या इन्सुलिनच्या बाटल्या ४० युनिट प्रति मिलीलीटरच्याही मिळतात आणि १०० युनिटच्याही. गफलत झाली, तर मात्रा अडीचपट चुकते. ४० युनिटच्या बाटलीतून २५ मायक्रोलीटर घेऊन ९७५ मायक्रोलीटर सलाइनमध्ये मिसळले की प्रति मिलीलीटर १ युनिटचे द्रावण होते. त्यातले ७५ मायक्रोलीटर ९२५ मायक्रोलीटर सलाइनमध्ये घातले की प्रति मिलीलीटर ०.०७५ युनिट होते, आणि प्रति ग्रॅम वजनाला १० मायक्रोलीटर टोचल्यास ०.७५ युनिट प्रति किलो अशी मात्रा जाते. इतके विरळ इन्सुलिन नळीच्या भिंतीला चिकटते, सलाइनमध्ये ०.१ टक्का अल्ब्युमिन घालावे आणि द्रावण त्याच दिवशी वापरावे.

शेपटीच्या टोकावरील थेंबातून ०, १५, ३०, ४५ आणि ६० मिनिटांना साखर मोजावी. पहिल्या अर्ध्या तासातील घसरण इन्सुलिनच्या कार्याविषयी सांगते. त्यानंतर ग्लुकॅगॉन आणि ॲड्रिनॅलिन साखर वर ओढू लागतात, म्हणून साठाव्या मिनिटानंतरच्या वक्रावर अर्थ लादू नये. प्राण्यांना आधीचा आठवडाभर हाताळून सवय लावलेली नसेल, तर पकडण्याच्या भीतीनेच साखर चढते आणि शून्य मिनिटाचा आकडा निरुपयोगी होतो. २० टक्के ग्लुकोज भरलेली सिरिंज हाताशी असू द्यावी. साखर ४० मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरच्या खाली गेली किंवा प्राणी निपचित पडला, तर ती टोचून त्या प्राण्याची चाचणी थांबवावी आणि तशी नोंद करावी. निकाल सुरुवातीच्या टक्केवारीत आणि मूळ आकड्यांत, असा दोन्ही प्रकारे दाखवावा. सुरुवातीची साखर दोन गटांत वेगळी असताना फक्त टक्केवारी छापणे दिशाभूल करणारे असते.

ग्लुकोज देऊन साखर कशी चढते-उतरते ते पाहणारी ग्लुकोज-सहनशीलता चाचणी वेगळ्या आठवड्यात करावी. २० टक्के द्रावण प्रति ग्रॅम १० मायक्रोलीटर दिले की २ ग्रॅम प्रति किलो होते. पण ४५ ग्रॅमच्या माऊसमधले वाढीव वजन मुख्यतः चरबीचे असते, आणि ग्लुकोज ज्या ऊतींत वापरले जाते त्या त्या प्रमाणात वाढलेल्या नसतात. वजनानुसार मात्रा दिली, तर लठ्ठ गटाला अकारण जास्त ग्लुकोज मिळते आणि त्याची सहनशीलता आहे त्याहून वाईट दिसते. शरीररचना मोजण्याची सोय असल्यास मात्रा चरबीविरहित वजनावर ठरवावी, नसल्यास सर्वांना सारखी द्यावी. ०, १५ आणि ३० मिनिटांना इन्सुलिनही मोजावे, कारण तेवढ्यानेच प्रतिरोध आणि अपुरा स्राव यांतला फरक दिसू लागतो. नमुन्यात लाल पेशी फुटू देऊ नयेत. त्यांतील विकर इन्सुलिनचे विघटन करते. २५ ग्रॅमच्या माऊसमध्ये एकूण रक्त दोन मिलीलीटरही नसते, हे नमुन्यांचे वेळापत्रक आखताना लक्षात असावे.

उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन यांवरून प्रतिरोधाचा अंदाज देणारे होमा-आयआर हे सूत्र १९८५ साली माणसांच्या आकड्यांवरून बसवले गेले. माईसमध्ये गटागटांची तुलना करण्यापुरते ते वापरता येते, परंतु ‘२.५ पेक्षा जास्त म्हणजे प्रतिरोध’ यासारखी मानवी सीमारेषा त्यांना लावू नये, आणि सूत्राच्या उत्तरासोबत साखर व इन्सुलिनचे मूळ आकडेही छापावेत.

क्लॅम्प

प्रतिरोध नेमका किती आणि कोणत्या ऊतीत, याचे खात्रीचे उत्तर १९७९ मध्ये माणसांसाठी मांडलेली आणि नंतर उंदरांत आणलेली क्लॅम्प-पद्धत देते. मानेतील शिरेत आणि धमनीत नळ्या बसवून प्राण्याला पाच-सात दिवस सावरू द्यावे आणि वजन शस्त्रक्रियेपूर्वीच्या पातळीजवळ आले नसेल, तर तो प्राणी वापरू नये. चाचणीच्या दिवशी पाच तासांचा उपवास, मग प्राणी शुद्धीत आणि मोकळा असताना स्थिर गतीने इन्सुलिन, माईसमध्ये साधारण २.५ ते ४ मिलीयुनिट प्रति किलो प्रति मिनिट, आणि दर दहा मिनिटांनी साखर मोजून ती एका पातळीवर टिकेल इतके ग्लुकोज. १२० मिनिटांच्या शेवटच्या ३०-४० मिनिटांत लागणाऱ्या ग्लुकोजचा वेग हाच निकाल: जितके कमी ग्लुकोज लागेल, तितका प्रतिरोध जास्त. ट्रिशियमयुक्त ग्लुकोज आधीपासून सोडले असेल, तर यकृत अजून किती ग्लुकोज बनवत आहे हे वेगळे काढता येते, आणि शेवटच्या टप्प्यात दिलेल्या कार्बन-१४ युक्त डिऑक्सिग्लुकोजवरून प्रत्येक स्नायूचा व चरबीचा वाटा कळतो. या दोन्ही किरणोत्सारी द्रव्यांना मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार परवानगी लागते. ती नसल्यास ड्युटेरियमयुक्त ग्लुकोज आणि मास स्पेक्ट्रोमीटर हा पर्याय आहे. हे कौशल्य पुस्तक वाचून येत नाही. ज्या प्रयोगशाळेत क्लॅम्प नियमित चालतो, तिथे काही आठवडे शिकून यावे, आणि ते शक्य नसेल, तर प्रबंधात ऊतीनिहाय प्रतिरोधाचा दावा करू नये.

त्याऐवजी ऊतींतील संदेशवहन पाहता येते. भूल दिलेल्या प्राण्याच्या महाशिरेतून इन्सुलिन टोचून पाच ते दहा मिनिटांत यकृत, मांडीचा स्नायू आणि वृषणाजवळची चरबी काढावी, क्षणाचाही विलंब न लावता द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावी आणि इन्सुलिनचा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या एकेटी या प्रथिनाच्या सेरीन-४७३ जागेवरील फॉस्फोरिलेशन (फॉस्फेट जोडले जाणे) वेस्टर्न ब्लॉट या प्रथिन-मापनाच्या पद्धतीने मोजावे. प्रत्येक आहार-गटातील निम्म्या प्राण्यांना फक्त सलाइन द्यावे लागते, कारण इन्सुलिनमुळे झालेली वाढ मोजायची आहे, नुसती पातळी नव्हे. औषधाची परीक्षा चालू असेल, तर पायोग्लिटाझोन किंवा मेटफॉर्मिन या मधुमेहावरील प्रस्थापित औषधाचा एक गट जोडावा. त्या गटातही काही सुधारणा दिसली नाही, तर दोष आपल्या मॉडेलमध्ये किंवा चाचणीत शोधावा लागतो.

लेख लिहिताना उपजातीचे पूर्ण नाव, पुरवठादार, लिंग, वय, आहाराचा क्रमांक, खोलीचे तापमान, पिंजऱ्यातील संख्या, उपवासाचे तास, चाचणीची वेळ, इन्सुलिनची मात्रा व ती कोणत्या वजनावर ठरवली, नमुना कुठून घेतला, किती प्राणी वगळले आणि का, हे सर्व पद्धती-विभागात यायला हवे. प्राणी-प्रयोगांच्या लेखनासाठीची, २०२० मध्ये सुधारलेली अराइव्ह मार्गदर्शक तत्त्वेही हेच मागतात. ही यादी प्रयोग सुरू होण्याच्या दिवशीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, कारण खोलीचे तापमान आणि बिछायतीचा प्रकार सहा महिन्यांनंतर प्राणिगृहात कोणालाच आठवत नाही.